‘काका, नऊ वाजता, खाली!’ आणि काकांना दिसतं नुसतं आकाश

पत्र लश्कर, ग्वाल्हेरहून आलं आहे. लिहिणारे गृहस्थ ६१ वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. ते लिहितात:

‘घरावरून हवाई दलाची मिराज लढाऊ विमानं जाताना बघत आयुष्य गेलं, म्हणून आता संगणकावर डीसीएस या सिम्युलेटर खेळात मिराज २००० उडवायला शिकलो. उड्डाण, उतरणं, थोडंफार रडार जमतं. पुतण्या बडोद्याला असतो. रात्री तो मिग-२९ घेऊन माझा विंगमन, म्हणजे जोडीदार वैमानिक, होतो. कानात त्याचा आवाज येतो, “काका, बँडिट (म्हणजे शत्रूचं विमान), नऊ वाजता, लो, दोन!” मी मान मोडेपर्यंत बघतो, पण काही दिसत नाही. मग एक तर तो त्याला पाडतो, नाहीतर मी पडतो. वर मलाच म्हणतो, “अहो, इतका समोर होता!” तो नसला की संगणकाचा विंगमन घेतो, तिथेही तेच. जमिनीवरचे रणगाडे सांगितले तर बघायलाच नको. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, डोकं फिरवलं की दृश्य फिरतं ते हेड ट्रॅकिंगही बसवलंय. वय झालं म्हणून नाद सोडावा का? की व्हीआर हेडसेट घेतला तर फरक पडेल?’

नमस्कार काका,

नाद सोडू नका. डोळ्यांचा आणि चष्म्याचा भाग यात आहे, त्याकडे मी येतेच. पण तुमचं पत्र वाचून मला वाटतं की तुम्ही डोळे ताणताय ते बहुतेक वेळा चुकीच्या बाजूला. विमानाचं नाक म्हणजे घड्याळातले बारा, म्हणून ‘नऊ वाजता’ ऐकलं की तुमची मान डावीकडे वळते. ते नऊ वाजलेत पुतण्याच्या विमानावर, तुमच्या नाही.

कागद घ्या आणि काढून बघा. तुम्ही दोघं उत्तरेकडे चालला आहात, पुतण्या तुमच्या उजवीकडे तीन किलोमीटरवर, अगदी बरोबरीने. त्याच्या नऊ वाजता दोन किलोमीटर म्हणजे त्याच्या डाव्या हाताला दोन किलोमीटर. शत्रू तुम्हा दोघांच्या मधेच आहे! तुमच्यापासून उजवीकडे जेमतेम एका किलोमीटरवर. तुमच्या हिशेबाने तीन वाजलेत. तुम्ही डावीकडचं रिकामं आकाश पिंजून काढताय आणि तो उजव्या पंखाखालून निघून चाललाय. पुतण्या ‘इतका समोर होता’ म्हणतो ते त्याच्या जागेवरून शंभर टक्के खरं असतं.

आता दुसरं गणित. त्याच मांडणीत तो ‘दहा वाजता, तीन’ म्हणाला. घड्याळाचा एक तास म्हणजे ३० अंश, तेव्हा दहा म्हणजे नाकापासून ६० अंश डावीकडे. कागदावर मोजलंत तर शत्रू तुमच्या नाकापुढे, किंचित उजवीकडे, सुमारे दीड किलोमीटरवर निघेल. त्याचे दहा, तुमचे साडेबारा. पण तोच पुतण्या ‘दहा वाजता, वीस’ म्हणाला असता, तर तुमचेही जवळपास दहाच वाजले असते. लांबचं लक्ष्य दोघांना एकाच दिशेला दिसतं. माझा आडाखा असा: शत्रूचं अंतर हे तुमच्या दोघांमधल्या अंतराच्या चौपटीहून जास्त असेल, तर त्याचं घड्याळ तुम्हाला बिनधास्त चालतं. त्याहून कमी असेल, तर बघण्याआधी हिशेब करायचा.

आणि हे सगळं दोघांची नाकं एकाच दिशेला असताना. तो उजवीकडे काटकोनात वळला असेल, तर त्याचे बारा म्हणजे तुमचे तीन. तो वळणातच असेल, तर वाक्य पूर्ण होईपर्यंत त्याचं घड्याळ आणखी एका तासाने फिरलेलं असतं.

म्हणून हाक आली की शत्रूला शोधायला जाऊ नका, आधी पुतण्याला शोधा. त्याचं विमान मोठं आहे, मिग-२९ च्या पंखांचा विस्तार ११ मीटरच्या वर जातो. ते जवळ असतं आणि साधारण कुठे असेल हे तुम्हाला ठाऊक असतं. तो सापडला की त्याचं नाक कुठे आहे ते बघा आणि तिथून त्याने सांगितलेल्या दिशेला नजर सरकवा. तो आधीच शत्रूवर झेपावला असेल तर काम आणखी सोपं. त्याच्या नाकापुढची रेघ लांबवत न्यायची, तिच्या टोकाला तुमचं गिऱ्हाईक असतं.

पुतण्याच दिसत नसेल तर ते पहिल्यांदा सांगायचं. त्यासाठी लढाऊ वैमानिकांचे चार शब्द पाठ करून टाका. आपल्या जोडीदाराचं विमान दिसतंय तर ‘व्हिज्युअल’, दिसत नाही तर ‘ब्लाइंड’. शत्रू दिसतोय तर ‘टॅली’, दिसत नाही तर ‘नो जॉय’. तुमच्या पत्रावरून वाटतं की दिसलं नाही की तुम्ही गप्प राहून शोधत बसता. मोठ्या माणसाने पोरासमोर ‘दिसत नाही रे’ कसं म्हणायचं, असं काहीतरी असावं (बँकेत काउंटरच्या आत बसलेल्या माणसाला हे जड जातं हे मी घरात पाहिलेलं आहे). पण ‘नो जॉय’ म्हटल्याशिवाय त्याला कळणार कसं की दुसऱ्यांदा, वेगळ्या शब्दांत सांगायला हवं? आणि ‘ब्लाइंड, नो जॉय’ असं दोन्ही एकत्र ऐकलं, की शहाणा विंगमन शत्रू दाखवायचं बाजूला ठेवून आधी स्वतःची जागा सांगतो.

पुढचे दोन परिच्छेद पुतण्याला वाचून दाखवा, कारण निम्मी चूक त्याची आहे.

बेटा, तुझ्या मिग-२९ मध्ये अंतर किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये दिसते. काकांच्या मिराजमध्ये सागरी मैल आणि फूट. तू नुसतं ‘दहा’ म्हणतोस तेव्हा तुझ्या मनात दहा किलोमीटर असतात आणि काका दहा मैलांवर, म्हणजे साडेअठरा किलोमीटरवर बघतात. तिथे त्यांना काहीही दिसणार नाही, तिथे बघणाऱ्या कुणालाच दिसणार नाही. ‘उंची तीन हजार’ हे तुझे मीटर म्हणजे त्यांचे जवळपास ९,८०० फूट. एक एकक ठरवा, नाहीतर आकड्याबरोबर एकक बोला. भारतीय हवाई दल ही दोन्ही विमानं उडवतं, तेव्हा तुमची जोडी काही विचित्र नाही, पण तिथे हे आधी ठरलेलं असतं.

दुसरं, तुला शत्रू दिसलाय, काकांना नाही. भाषांतराचं काम दिसणाऱ्याने करायचं. ‘माझ्या नऊ वाजता’ ऐवजी ‘काका, तुमच्या तीन वाजता, तुमच्याखाली, एक किलोमीटर, उत्तरेकडे जातोय’ असं म्हण. शेवटचे दोन शब्द विसरू नकोस. लक्ष्य कुठे आहे याच्याइतकंच ते कुठे चाललंय हे लागतं. दोघंही वळत असाल तर घड्याळ सोडून दिशा वापर. ‘माझ्यापासून ईशान्येला’, ‘सूर्याच्या खाली’, ‘त्या एकट्या ढगाच्या डाव्या टोकाला’ असं काहीही चालेल, फक्त ते दोघांनाही सारखंच दिसणारं हवं. फार लांबचं असेल तर बुल्सआय वापर, म्हणजे नकाशावर दोघांना माहीत असलेला एक ठरलेला बिंदू आणि तिथून दिशा नि अंतर. आणि ‘तो बघा, तो बघा!’ हे वाक्य कायमचं बंद कर. त्यात माहिती शून्य आहे.

तर काका, तो ‘कुठे चाललंय’ हे सांगायला लागेल असं धरून पुढे जाऊ. ही गोष्ट ग्वाल्हेरच्या माणसाला समजावून सांगावी लागू नये. महाराजपूरच्या हवाई तळावरून उडालेलं विमान लश्करावरून जातं तेव्हा आवाज येतो तिथे बघून ते कधीच दिसत नाही, पुढे बघावं लागतं. विमान तीन किलोमीटरवर असेल तर आवाजाला तुमच्या गच्चीवर पोचायला जवळजवळ ९ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ६०० किलोमीटरने जाणारं विमान दीड किलोमीटर पुढे गेलेलं असतं. पुतण्याच्या हाकेचं तसंच. त्याला दिसलं, तो दचकला, बोलला, तुम्ही ऐकलंत, मान फिरवलीत, झूम केलंत. सहा-सात सेकंद सहज गेले. ताशी ८०० किलोमीटरने आडवं जाणारं विमान सात सेकंदांत दीड किलोमीटर सरकतं. ते पाच किलोमीटरवर असेल तर घड्याळावर अर्ध्या तासाहून जास्त फरक पडला. तेव्हा सांगितलेल्या जागी बघायचं नाही, ते जिकडे चाललंय त्या बाजूला थोडं पुढे बघायचं.

एक अपवाद मात्र धोक्याचा. जे विमान नेमकं तुमच्यावर येऊन आदळणाऱ्या वाटेवर असतं, ते काचेवर सरकतच नाही. एकाच जागी राहतं आणि मोठं होत जातं. हलणारं काहीतरी शोधणाऱ्या डोळ्याला ते शेवटपर्यंत लागत नाही.

आता ‘हाय’ आणि ‘लो’. इथे तुमची मान बहुतेक फार जास्त फिरते. ‘लो’ ऐकलं की माणूस थेट पंखाखाली डोकावतो. प्रत्यक्षात अंतर जितकं जास्त तितका कोन लहान. सोपं सूत्र आहे: एक सागरी मैल अंतरावर शंभर फुटांचा फरक म्हणजे साधारण १ अंश. दहा मैलांवर शत्रू पाच हजार फूट खाली असेल, तर मैलामागे पाचशे फूट झाले, म्हणजे क्षितिजाखाली फक्त ५ अंश. हडवर, म्हणजे समोरच्या काचेवर, कोनांच्या आडव्या रेघा असतात ना, त्यांतली उणे पाचची रेघ. तेवढंच. तोच शत्रू एका मैलावर आला की मात्र तो जवळपास ४० अंश खाली जातो. हडवरची रेघ नाकापुढेच उपयोगी पडते, पण तिने ५ अंश म्हणजे किती हे डोळ्यात बसलं की बाजूला बघतानाही तोच अंदाज लावता येतो.

एवढं करून योग्य जागी बघताय असं धरू. आता पडद्याचा प्रश्न येतो, आणि इथे दोष तुमच्या डोळ्यांचा कमी, यंत्राचा जास्त आहे.

निरोगी डोळ्याला साधारण १ कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, तपशील वेगळा ओळखता येतो. तुमचा पडदा साधा १०८० पिक्सेलचा असेल, रुंदीत १,९२० ठिपके, आणि दृश्य ८० अंशांचं ठेवलं असेल, तर पडद्याच्या मध्यावर एका अंशाला २० च्या आसपास ठिपके येतात. डोळ्याला ६० लागतात. पाच किलोमीटरवर मिग-२१ समोरून येतंय समजा. (हवाई दलातून ते सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं, पण सिममध्ये अजून जोरात आहे.) त्याच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, तो या पडद्यावर दोन ठिपक्यांतही मावतो. विशीतला पोरगा असो की तुम्ही, दोन ठिपके शोधायचे म्हणजे नशीबच लागतं. तेच दृश्य झूम करून ३० अंशांवर आणलंत की एका अंशाला ६० हून जास्त ठिपके मिळतात आणि तेच पंख पाच ठिपक्यांचे होतात. पाच ठिपके दिसतात.

झूम करणं म्हणजे लबाडी असं काही जण म्हणतात. माझ्या मते उलट आहे. खऱ्या वैमानिकाला जे दिसतं तेवढं झूम केल्यावरच तुमच्या पडद्यावर उमटतं. मात्र झूम केलेलं दृश्य खिडकीएवढं असतं, त्यात आकाश धुंडाळायला गेलात तर हरवून जाल. आधी रुंद दृश्यात जागा पक्की करा, मग झूमचं बटण दाबून धरा, दोन-तीन सेकंद बघा, सोडा. हे बटण थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाच्या जोराच्या दांड्यावर, अंगठ्याखाली ठेवा. कीबोर्डवर हात नेईपर्यंत लढाई पुढे गेलेली असते.

बघायचं ते थांबून थांबून. डोळा एका जागेहून दुसऱ्या जागी उडी मारत असताना त्याला धड काही दिसत नाही. अमेरिकेचं नागरी विमान वाहतूक खातं वैमानिकांना सांगतं की एका वेळी दहा अंशांहून जास्त सरकू नका आणि प्रत्येक तुकड्यावर किमान एक सेकंद थांबा. हेड ट्रॅकिंगवाल्यांना हे फार कठीण जातं, कारण मान जराशी हलली तरी सगळं दृश्य वाहत जातं. सॉफ्टवेअरमध्ये मधल्या भागाची संवेदनशीलता कमी करा, म्हणजे समोर बघताना दृश्य स्थिर राहील आणि कडेला मान नेल्यावरच वेगाने फिरेल.

आणि आता तुमचा चष्मा. प्रोग्रेसिव्ह काचेत वर लांबचं, तळाशी वाचण्याचं आणि मधे एक अरुंद पट्टा, ज्यातून हातभर अंतरावरचं नीट दिसतं. पडदा तेवढ्याच अंतरावर असतो. तो पट्टा पडद्यावर आणायला तुम्ही नकळत हनुवटी वर करता. हेड ट्रॅकिंगला वाटतं, काका वर बघताहेत, आणि ते दृश्य आकाशाकडे नेतं. मग तुम्ही डोळे खाली करता, ते काचेच्या वाचण्याच्या भागातून जातात, सगळं पुसट होतं. ‘नुसतं आकाश दिसतं’ असं तुम्ही लिहिलं नसलंत तरी तसंच होत असणार, याची मला जवळपास खात्री आहे. उपाय साधा आणि बऱ्यापैकी स्वस्त: टेपने डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा, तो आकडा चष्मेवाल्याला सांगा आणि फक्त त्या अंतराचा, एकाच नंबरचा चष्मा करून घ्या. सिमपुरता वेगळा. या पत्रातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. आणि हो, पडदा पुसा. आपल्याकडे उन्हाळ्यात लू सुटली की बंद खोलीतही धूळ येते, आणि काचेवरचा कण आणि दहा किलोमीटरवरचं विमान यांत डोळ्याला काही फरक वाटत नाही.

शत्रूचं विमान तुम्ही कुठून बघताय यावरही बरंच अवलंबून आहे. जंगलावर, शेतांवर, गावांवर खाली उडणारं विमान वरून शोधणं हे सगळ्यात अवघड काम. तेच क्षितिजाच्या वर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर आलं की काळा ठिपका म्हणून उठून दिसतं. पुतण्या ‘लो’ म्हणाला आणि दिसत नसेल, तर थोडं खाली उतरून त्याला आकाशापुढे आणता येतं का बघा. उंची सोडायची म्हणजे पुढच्या लढाईचं भांडवल सोडायचं, हे मान्य. पण न दिसणाऱ्या शत्रूच्या वर बसून त्या उंचीचं करणार काय?

तुमच्याकडे रडार आहे, ते पुतण्याच्या हाकेला जोडा. मिराजचं रडार नाकाच्या दोन्ही बाजूंना ६० अंश बघतं, म्हणजे दहा ते दोन वाजेपर्यंत. हाक त्या पट्ट्यातली असेल तर मान फिरवण्याआधी नाक तिकडे वळवा. डोळ्याला दिसत नाही आणि रडारही काही दाखवत नसेल, तर बहुतेक अँटेनाचा वर-खाली कोन चुकलेला असतो. मघाचं ५ अंशांचं गणित इथे पुन्हा कामाला येतं, अँटेना तेवढी खाली झुकवा. जवळच्या लढाईसाठी वेगळे मोड आहेत, त्यांत रडार समोर सापडेल त्या पहिल्या विमानाला आपणहून लॉक करतं. लॉक बसला की हडवर खूण येते आणि नजर कुठे न्यायची हे यंत्रच दाखवतं. फक्त लक्षात ठेवा, ‘पहिलं विमान’ म्हणजे पुतण्याही असू शकतो. डागण्याआधी ‘व्हिज्युअल’ आहे ना, हे स्वतःशी एकदा बोला.

संगणकाच्या विंगमनला मात्र ‘माझं घड्याळ वापर’ असं सांगता येत नाही. तो घड्याळ सांगतो की कंपासची दिशा, स्वतःपासून मोजतो की तुमच्यापासून, हे खेळागणिक आणि आवृत्तीगणिक बदलतं. म्हणून तुमच्या खेळात ते काय आहे हे एकदा तपासून घ्या: मिशन एडिटरमध्ये, म्हणजे खेळातला प्रसंग आपण रचतो तिथे, उजव्या बाजूला लांबवर विंगमन ठेवा, तुम्हा दोघांच्या मधे एकच निःशस्त्र विमान ठेवा, उडा आणि तो काय म्हणतो ते लिहून घेऊन नकाशाशी ताडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. तो ‘बेअरिंग २४०’ असं म्हणत असेल तर डोक्यात वजाबाकी करत बसू नका, हडवरच्या दिशापट्टीवर २४० मध्यावर येईपर्यंत वळा, म्हणजे लक्ष्य नाकापुढे येईल.

रणगाड्यांचं वेगळं आहे. ते विमानासारखे पळत नाहीत, पण झाडीत, घरांत मिसळून जातात. तिथे घड्याळाचा उपयोग फारच थोडा. तिथे मोठ्याकडून लहानाकडे यायचं. आधी अशी खूण जी चुकणं शक्य नाही, मग तिच्या शेजारची लहान, मग त्याहून लहान, आणि प्रत्येक पायरीवर ऐकणाऱ्याने ‘कॉन्टॅक्ट’ म्हणायचं, म्हणजे ती खूण मला सापडली. ‘टॅली’ फक्त शेवटी, प्रत्यक्ष रणगाडा दिसल्यावर.

याचा सराव विमानाशिवाय करा. तुम्ही आणि पुतण्या, दोघांनी फोनवर ग्वाल्हेरचं उपग्रहातून दिसणारं चित्र उघडा आणि बोलून त्याला तुमच्या गच्चीवर आणा. ‘उत्तर-दक्षिण पसरलेला लांबट डोंगर दिसतोय? किल्ला.’ ‘कॉन्टॅक्ट.’ ‘त्याच्या दक्षिणेला झाडांनी वेढलेलं मोठं मोकळं आवार, मधे पांढरा महाल, जयविलास.’ ‘कॉन्टॅक्ट.’ ‘आता किल्ल्याची लांबी हे आपलं माप. महालापासून पश्चिमेकडे साधारण त्या मापाच्या अर्ध्याइतकं ये. दाट घरांत एक मोकळा चौक, मधे पुतळा.’ तो बाडा. तिथून तुमची गल्ली तुम्ही सांगा. बडोद्यात राहून बाडा विसरलेल्या पोराला पुन्हा लश्करात आणायला चार वाक्यं लागतात की चाळीस, ते कळेल. मग उलट करा, त्याने तुम्हाला मांडवीच्या चार दरवाज्यांपासून त्याच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत न्यावं. माप ठरवून घेण्याची सवय सगळ्यात महत्त्वाची. ‘थोडं पुढे’ म्हणजे प्रत्येकाचं वेगळं असतं.

दिशा आकड्यांत येत असेल तर एक सावधगिरी. डीसीएसमधल्या कॉकेशस प्रदेशाच्या नकाशावर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत सुमारे ६ अंशांचा फरक आहे. हवेतल्या विमानासाठी तो सोडून दिला तरी चालतो. जमिनीवर वीस किलोमीटरवरच्या रणगाड्यासाठी ६ अंश म्हणजे दोन किलोमीटरची चूक, म्हणजे शेजारचं गाव. एकाने नकाशावरून मोजलं आणि दुसरा कंपासवर उडतोय, असं होऊ देऊ नका.

विमानांच्या नावाची लेबलं लावावीत का, हे तुम्ही विचारलं नाही, पण पुतण्याने नाक मुरडलं असेल म्हणून सांगते: लावा. पूर्ण नाव, अंतर वगैरे नको, नुसता ठिपका दाखवणारं लेबल ठेवा. वर सांगितलेली सगळी गणितं डोळ्याला शिकवायला उत्तर माहीत असावं लागतं. हाक ऐकून आधी अंदाज करा, मग लेबल चालू करून किती चुकलं ते बघा. जागा बरोबर येऊ लागली की बंद करा. नाही केलीत तरी लश्करात कुणी विचारायला येणार नाही.

आणि सगळं करूनही दिसला नाही तर? बहुतेक वेळा तुम्ही पडता ते इथे. शोधता शोधता वेग जातो, विमान सरळ रेषेत जात राहतं आणि मान डावीकडे अडकलेली असते. पाच सेकंद बघा. नाही दिसला तर ‘नो जॉय’ म्हणा आणि लढाई पुतण्याला द्या: ‘तू घे, मी तुझ्या मागे.’ लीड, म्हणजे जोडीतले म्होरके, तुम्ही असलात तरी ज्याला दिसतंय त्याने लढायचं. तुम्ही त्याच्यावर नजर ठेवा, वेग राखा, त्याच्या मागे दुसरा कुणी येतोय का ते बघा. गंमत अशी की त्याच्या मागे बघत राहिलात की त्याच्या पुढचा शत्रूही बरेचदा तिथेच सापडतो.

व्हीआर हेडसेटचं उत्तर: याच कारणासाठी घेऊ नका. मान फिरवणं नैसर्गिक होतं, अंतराचा अंदाज सुधारतो, विमानात बसल्यासारखं वाटतं, हे सगळं खरं. पण क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटमध्ये एका अंशाला २५ च्या आसपास ठिपके मिळतात. म्हणजे झूम न केलेल्या तुमच्या पडद्यापेक्षा थोडेच जास्त, आणि झूम केलेल्या पडद्यापेक्षा बरेच कमी. शिवाय त्यासाठी ताकदवान ग्राफिक्स कार्ड लागेल, आणि चष्मा घालून तो डोक्यावर चढवणं आणखी वेगळं प्रकरण. आधी चष्मा करून घ्या. हेडसेट घ्यायचाच असेल तर दिवाळीत बडोद्याला जाल तेव्हा पुतण्याच्या एखाद्या मित्राचा अर्धा तास लावून बघा, आणि त्या दिवशी चक्कर येते का तेही कळेल.